गाळीला चार पाळ

"सर, झालं," म्हणत त्यानं वही थेट माझ्या नाकाखाली धरली. दुसरीच्या वर्गाला 'माझी गाय' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. त्यानं तीनच लिहिल्या, पण मनापासून:

'आमच्या घरी एक गाळ आहे. गाळीला चार पाळ असतात. माझी माळ रोज गाळीचे दूध काढते.'

मी लाल पेनाचं टोपण काढलं आणि तसंच परत लावलं. या पोराला मी स्वतः बिघडवलेलं होतं.

झालं असं. आमची शाळा खामगावच्या बाजूला, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे, आणि दोघांकडे मिळून ऑनलाइन माहिती भरणं. आमच्या वऱ्हाडात 'ळ' हे अक्षर पुस्तकात असतं, तोंडात नसतं. शाळेची शाया होते, फळ्याचा फया, डोळ्यांचे डोये. मी इथलाच. घरी मीही 'केयी' म्हणतो, पण वर्गाचा उंबरठा ओलांडला की 'केळी'. तर भिंतीवरच्या तक्त्यातल्या गुटगुटीत बाळावर छडी ठेवून मी विचारायचो, "ळ कशाचा?" आणि सत्तावीस पोरं छप्पर हलेल अशा आवाजात सांगायची, "ळ बायाचा!"

तीन आठवडे हे चाललं. चौथ्या आठवड्यात माझा संयम सुटला आणि मी म्हणालो, "अरे बाप्पा, जिथं जिथं तुम्ही य म्हणता ना, तिथं तिथं ळ म्हणा!" रागाच्या भरात निघालेलं वाक्य. सव्वीस जणांनी ते कानाआड केलं. एकानं मात्र गुरुवाक्य प्रमाण मानलं. त्याची गाळ झाली, पाळ झाले आणि सख्ख्या मायची माळ झाली. आता लाल पेन चालवायचं कुणावर?

पहिलीची गोष्ट आणखी वेगळी. तिथं अक्षर म्हणजे चित्र. ब बदकाचा आणि स सशाचा हे इतकं पक्कं झालं होतं की फळ्यावर 'बस' लिहिलं आणि वाच म्हटलं, तर एका पठ्ठ्यानं ठणठणीत वाचलं, "बदक ससा." मी समजुतीनं म्हणालो, "बरं, आता दोन्ही मिळून काय?" त्यानं क्षणभर विचार केला. "बदक सशाच्या मागं पयते."

दुसऱ्या एकीला पुस्तकातल्या चित्राखालचा 'आजी' शब्द वाचायला दिला. तिनं बोट ठेवून नीट जुळवलं, "आ… जी…" आणि मग वर चित्राकडे बघून विजयी मुद्रेनं, "म्हतारी!" अर्थाला शंभरपैकी शंभर. पण तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला वाचता आलंच पाहिजे, असं २०२१ पासून केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान सांगतं आहे, आणि तपासणीला येणारे साहेब म्हतारीला मार्क देत नाहीत.

लिहिण्यात शिरोरेषेचा छळ. पोरं आधी दोरी बांधतात, मग तिला अक्षरं वाळत घालतात. त्यामुळे ज्या अक्षरांची डोकी उघडी राहायला हवीत, तीही झाकली जातात. ध चा घ होतो, भ चा म. 'माझा माऊ पुण्याला कंपनीत आहे' हे वाक्य मी या दोन डोळ्यांनी वाचलं आहे.

श्रुतलेखनात तर जे तोंडातून निघेल ते वहीत उतरतं. 'पूर्णविराम' अक्षरांनी लिहिलेला असतो, 'पुढचं वाक्य'ही असतं. एकदा मधेच एकाला ओरडलो, तेही तीन जणांनी लिहून घेतलं: 'खोडरबर तोंडात घालू नको.' त्या दिवशीच्या अख्ख्या गठ्ठ्यात एकही चूक नसलेलं वाक्य तेवढंच.

मग येतात पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार. १९६२ साली शासनमान्य झालेले चौदा नियम, १९७२ साली त्यात आणखी चार. मी अठराही पाठ केलेत. 'फूल' दीर्घ, कारण शेवटचा ल नुसता, काना-मात्रा काही नाही. पण 'फुलाला' लिहिलं की फु ऱ्हस्व. दूध, पण दुधात. बहीण, पण बहिणीला. हे का, असं एका चिमुरडीनं विचारलं. मी 'उपान्त्य' हा शब्द उच्चारणारच होतो, तेवढ्यात तिनं स्वतःच सोडवलं, "म्हंजे मांगून वझं ठेवलं की उकार दबते." डी.एड.च्या दोन वर्षांत मला इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. आता मी तसंच शिकवतो. प्रश्न येतो तो गुण, विष, सुख यांचा. शेवटचं अक्षर नुसतंच, तरी आधीचं ऱ्हस्व. ते शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, पाहुणे. त्यांना आपले नियम लावत नाहीत. सुख ऱ्हस्व आणि भूक दीर्घ, हे फळ्यावर लिहीत असतानाच खिचडीचा वास आला आणि वर्ग भुकेच्या बाजूनं उठला.

पालकांना वेगळीच काळजी. एका पोराचे आजोबा काठी टेकत आले. नातू घरी 'कॅ, कॉ' घोकतो, हे काय नवीन? त्यांना सांगितलं, "बाबा, २००९ सालच्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ आलेत. आता बाराखडी नाही, चौदाखडी." आजोबांनी डोळे बारीक केले. "बाराखडीबी महागली म्हना की."

हे सगळं मी हसत सांगतो, पण खरं दुखणं वेगळंच. नोकरीला लागलो तेव्हा माझी नजर बहिरी ससाण्यासारखी होती. लग्नपत्रिकेतला 'आशिर्वाद' मी लाल पेनानं 'आशीर्वाद' करायचो. बायको पत्रिका आधीच लपवून ठेवायची. बसस्टँडवरच्या हॉटेलाच्या पाटीवर 'उपहारगृह' होतं. मालकाला समजावलं, उपहार म्हणजे भेटवस्तू, तुम्हाला हवं ते उपाहारगृह. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, कचोरी गरम हाये."

आता रोज सत्तावीस वह्या, प्रत्येकीत 'पानी', 'पाणि', 'पाणी' शेजारी शेजारी. बारा वर्षं हे वाचल्यावर तिन्ही चेहरे ओळखीचे वाटायला लागलेत. परवा बायकोनं सामानाची यादी लिहायला सांगितली, तर 'जिरे' की 'जीरे' यावर पाच मिनिटं घालवली आणि शेवटी 'फोडणीचं सगळं' असं लिहिलं. मी पोरांना शुद्धलेखन शिकवतोय की पोरं मला अशुद्धलेखन, याचा हिशेब लागत नाही. त्यांची प्रगती मात्र माझ्यापेक्षा जलद आहे.

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नासाठी दोन दिवसांची रजा हवी होती. वह्यांचा गठ्ठा संपवून त्याच बैठकीत अर्ज लिहिला आणि केंद्रप्रमुखांकडे पाठवला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा मधली सुट्टी होती आणि मी पहिल्यांदा तो शांतपणे वाचला. माझ्याच वळणदार अक्षरात वर लिहिलं होतं: 'विषळ : किरकोळ रजा मिळणेबाबत.'

कानशिलं तापली. पण विषळाकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसलं नाही. खाली हिरव्या शाईत, झोकदार अक्षरात साहेबांनी लिहिलं होतं, 'मंजुर'. सही, तारीख आणि गोल शिक्का.

माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. र नुसता आहे, मागं प्रत्यय नाही, तेव्हा जु दीर्घच हवा. पेन कागदावर टेकणार, तोच शेजारी पाणी पीत उभी असलेली आमची वझंवाली टाचा उंचावून वाकली. तिनं 'मंजुर'वर बोट ठेवलं, मग हळूच त्याच्या डोक्यावरच्या जांभळ्या गोलावर.

"सर, वरून शिक्का मारला ना, म्हनून दबला तो."