स्टीअरिंग माझ्याशी बोलत नाही

गाडी घ्यायची ठरली की आधी रंग ठरवायचा असतो, अशी माझी समजूत होती. मी तो ठरवलाही. राखाडी. पाच मिनिटांत काम झालं. मग मी भाच्याला फोन केला, तिथे चुकलं.

"मामा, रंग सगळ्यात शेवटी," तो म्हणाला. "आधी सांग, तुला गाडीकडून काय हवंय?"

गाडीकडून काय हवं असणार? तिने न्यावं आणि परत आणावं. पण हे बोलायची छाती झाली नाही, कारण या खेपेला मामला साधा नव्हता. जन्मभर बेताच्या गाड्या हाकल्यावर एकदाची छोटी लक्झरी सेडान घ्यायची, असं मी घरात जाहीर करून बसलो होतो. यातला 'छोटी' हा शब्द गाडीवाल्यांचा. पावणेपाच मीटरच्या आसपास लांबी असलेल्या वस्तूला ज्या जगात छोटी म्हणतात, त्या जगात आपण भीत भीतच पाऊल टाकावं.

त्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन हजर झाला आणि त्याने वंशावळ सांगायला सुरुवात केली. बीएमडब्ल्यूची थ्री सीरीज १९७५ची. मर्सिडीजने १९८२ साली १९० काढली, १९९३मध्ये तिच्या गादीवर सी-क्लास आली. ऑडीची ८० होती, तिची १९९४ साली ए-फोर झाली. हे तो अशा थाटात सांगत होता, की जणू या तिन्ही बारशांना पाळण्याची दोरी ह्याच्याच हातात होती. १९७५ साली ह्याची आई परकर-पोलक्यात हिंडत होती, हे मी त्याला सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आकड्यांचं प्रकरण तर अजून माझ्या पचनी पडलेलं नाही. पूर्वी म्हणे ३२० म्हणजे थ्री सीरीज आणि दोन लिटरचं इंजिन, असा सरळ हिशेब असायचा. आता ३३०मध्येही दोनच लिटर असतात. नव्या सी-२००मध्ये दोन लिटरसुद्धा नाहीत, दीड आहे. ऑडीचा ४५ हा आकडा तर लिटरचा नाही, घोड्यांचा नाही, कशाचाच नाही. साधारण एवढ्या ते एवढ्या किलोवॉटच्या गाडीला ४५ म्हणायचं, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलंय. आकडा आता आडनावासारखा झाला आहे. कुबेर आडनावाचा माणूसही उसने पैसे मागू शकतो.

हे सगळं मी सहन केलं. पण मग 'ड्रायव्हिंग डायनॅमिक्स' आले, म्हणजे चालवताना गाडी कशी वागते ते.

भाच्याच्या सांगण्यावरून मी रोज रात्री जेवणं झाली की गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक तरुण वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी फेकत असतो आणि डोळे अर्धवट मिटून म्हणतो, "हिचं स्टीअरिंग तुमच्याशी बोलतं." दुसरा म्हणतो, "पुढची चाकं काय करताहेत ते तळहातांना कळतं." मला हे ऐकून न्यूनगंड आला. मी तीस वर्षं गाडी चालवतोय. माझ्याशी स्टीअरिंग एकदाही बोललेलं नाही. थंडीत गार लागतं, उन्हात उभी केली की चटका देतं, याला संभाषण म्हणत असतील तर तेवढंच. माझ्यातच काही कमी असावं असं वाटून मी दोन दिवस ऑफिसला जाताना रेडिओ बंद ठेवला, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि कान देऊन बसलो. तिसऱ्या दिवशी मागच्याने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने सुस्कारा सोडला. "आता तसं कुठलंच स्टीअरिंग बोलत नाही रे मामा. पूर्वी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचं होतं, तेव्हा बोलायचं. आता सगळीकडे इलेक्ट्रिक मोटर आली." म्हणजे मी ऐकायला बसलो तेव्हा बोलायची पद्धतच बंद झाली होती. माझ्या नशिबात सगळंच असं उशिरा येतं.

फ्रंट व्हील आणि रिअर व्हील ड्राइव्ह मात्र त्याने छान समजावलं. पुढच्या चाकांनी वळायचंही आणि गाडी ओढायचीही, म्हणजे एका कारकुनाकडे दोन टेबलं. काम वाढलं की तो कुठल्यातरी एका टेबलाकडे दुर्लक्ष करणार. तुम्ही वळताय आणि गाडी आपली सरळ निघालीय, याला अंडरस्टीअर म्हणतात. मागच्या चाकांनी ढकललं की पुढची चाकं वळायला मोकळी. पण ढकलणाऱ्याने जोर जास्त लावला तर शेपूटच पुढे यायला बघतं. म्हणून वजनाची वाटणी पुढे-मागे पन्नास-पन्नास हवी आणि बीएमडब्ल्यूला त्याचा कोण अभिमान आहे. "हे पन्नास-पन्नास गाडी रिकामी असतानाचं का मी बसल्यावरचं?" असं मी विचारलं. ही आतून म्हणाली, "तुम्ही बसल्यावर कसली वाटणी!"

मग टेस्ट ड्राइव्ह सुरू झाल्या. गाड्या तीन होत्या. कुठली कुठली ते सांगत नाही, कारण जे घडलं त्यात बहुतेक ठिकाणी दोष माझाच होता. आई सगळीकडे बरोबर होती. "मला बसता येतंय का ते तरी बघते," म्हणाली. तिचे गुडघे हा आमच्या घरात सर्वोच्च न्यायालयाचा विषय आहे.

पहिल्या गाडीत शोरूमचा मुलगा माझ्या शेजारी बसला. नाक्यावर डावीकडे वळायचं म्हणून मी इंडिकेटर दिला, तर काचेवर वायपर फिरायला लागले. खणखणीत ऊन पडलेलं. कोरड्या काचेवरून रबर असं करकरत गेलं, की रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. मी घाबरून दांडी आणखी वर केली तर ते दुप्पट वेगाने फिरायला लागले. माझी जुनी गाडी जपानी वळणाची, तिचा इंडिकेटर उजव्या हाताला. ही युरोपातली, हिचा डावीकडे. पन्नाशी उलटलेला उजवा हात इतक्या वर्षांची सवय एका वळणात कशी सोडणार?

मागून आई म्हणाली, "पाऊस आला का रे?"

पुढे मोकळा रस्ता लागला. शोरूमचा मुलगा म्हणाला, "सर, आता स्पोर्ट मोड. स्टीअरिंग जड होईल, गिअर जास्त वेळ धरून ठेवेल, पायाला लगेच जबाब देईल." मी पाय दाबला. गाडी निघाली. "जाणवला फरक?" मी व्हिडिओतल्या तरुणासारखे डोळे अर्धवट मिटले आणि म्हणालो, "वा! एकदम वेगळीच गाडी. स्टीअरिंग कसं... बोलायला लागलं."

"सर, अजून बटण दाबलं नाहीये."

बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाज मात्र खरंच बदलला. हा आवाज काही गाड्यांत चक्क स्पीकरमधून सोडतात, हे मला मागाहून कळलं. बीएमडब्ल्यूने २०११च्या एम-फाइव्हमध्ये तसं केलं होतं. केबिन इतकी बंदिस्त केली की इंजिन ऐकू येईना. मग तेच ऐकू यावं म्हणून ते आत वाजवायचं. आधी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि मग बाहेर काय चाललंय म्हणून विचारायचं, हा माझ्या सासऱ्यांचा स्वभाव होता. जर्मन अभियंत्यांचाही असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या गाडीच्या वेळी भाचाही आला. मागे एका बाजूला आई, एका बाजूला ही, मध्ये तो. आणि तिथे नियतीने न्याय केला. इंजिन पुढे उभं, ओढायचं काम मागच्या चाकांकडे, म्हणजे दोघांना जोडणारा शाफ्ट गाडीच्या पोटातून मागे न्यावा लागतो आणि त्याच्यासाठी मधोमध एक बोगदा असतो. तो बोगदा मधल्या माणसाच्या पायांशी येतो. ज्या रिअर व्हील ड्राइव्हची आरती भाचा महिनाभर ओवाळत होता, तिच्या उंचवट्याच्या दोन बाजूंना दोन पाय टाकून, गुडघे हनुवटीशी घेऊन तो बसला होता, आणि आईची पर्सही त्याच्याच मांडीवर होती. "मामा, हँडलिंग बघ," तो पिचक्या आवाजात म्हणाला.

मी बघितलं. या गाडीत गिअरची दांडी स्टीअरिंगच्या उजवीकडे, म्हणजे बरोबर माझ्या जुन्या इंडिकेटरच्या जागी. डावीकडे वळण आलं, मी सवयीने ती वर केली आणि गाडी न्यूट्रलमध्ये गेली. पाय दाबतोय तर इंजिन नुसतंच गुरगुरतंय आणि गाडी आपली रंगात आलेल्या पाहुण्यासारखी जागची हलायला तयार नाही. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या ड्रायव्हिंग डायनॅमिक्सवर दोन शब्द सांगितले. ते इथे लिहिता येत नाहीत.

तिसरी गाडी दिसायला सगळ्यात देखणी. चाकं एकोणीस इंची, टायर पातळ पट्टीसारखे. आईने आत बसायची आपली पद्धत काढली: आधी पाठ करून बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. बसल्यावर म्हणाली, "विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय." शोरूमच्या मुलाने ठरलेला रस्ता धरायला सांगितला. प्रत्येक शोरूमचा असा एक ठरलेला रस्ता असतो. गुळगुळीत, सरळ, गतिरोधक नसलेला. त्यावर बैलगाडीसुद्धा लक्झरी वाटेल. मी मुद्दाम वळवून मागच्या खड्ड्यांच्या रस्त्याला घातली. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

दोनशे मीटरही गेलो नसू. "अरे, टायरात हवा जास्त झालीय का?" आई म्हणाली.

"नाही आजी, ते रनफ्लॅट टायर आहेत," मुलगा मागे वळून म्हणाला. "पंक्चर झाले तरी ताशी ८० किलोमीटरने ८० किलोमीटर जातात."

"आणि पंक्चर नसताना?"

मुलगा गप्प झाला. भाचाही. हवा गेली तरी गाडी उचलून धरायची म्हणून या टायरांच्या भिंती कडक करतात, आणि कडक भिंत खड्डा गिळत नाही, पाठीकडे पाठवते. त्यात चाक जितकं मोठं, तितकं रबर कमी. व्हिडिओत हे सांगतात, पण 'राइड किंचित फर्म आहे' अशा मऊ शब्दांत. आईने डोळे मिटून, गाडीचं नावही माहीत नसताना, मागच्या सीटवरून दोन मिनिटांत निदान केलं होतं. डिकी उघडून बघितली तर स्टेपनी नाही. आई म्हणाली, "स्टेपनी नाही म्हणजे ह्यांनाच खात्री नाही, पंक्चर कुठे काढून मिळेल त्याची." हे तर्काला धरून नव्हतं, पण खोडताही येईना.

त्या रात्री भाच्याने एक्सेलचा तक्ता काढला. शून्य ते शंभर किलोमीटर: ३३०ला ५.८ सेकंद, सी-३००ला ६. या दोन दशांश सेकंदांवर आमची पाऊण तास चर्चा झाली. मग गिअरबॉक्सची पाळी आली. "थ्री सीरीजचा गिअरबॉक्स तल्लख," तो म्हणाला, "जॅग्वार एक्सईचा जरा सुस्त, अल्फा ज्युलियाचा तापट." याच घटकेसाठी मी आदल्या रात्री जागलो होतो. "तिन्हींचा गिअरबॉक्स एकच आहे," मी म्हणालो. "जर्मनीच्या झेडएफचा, आठ गिअरचा."

तो क्षणभर थांबला. "ट्यूनिंग वेगळं असतं, मामा."

असतं. मला मान्य आहे. पण तो क्षण मी कोणाला देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला फोन करून विचारलं, की तुमच्याकडे हीच गाडी सतरा इंची चाकं आणि साध्या टायरांवर मिळेल का. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. काहीतरी भलतंच मागितल्यासारखं झालं. मग मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "सर, लोक मोठी चाकं मागतात. कोणी छोटी मागत नाही." मी म्हटलं, आमच्या आईने मागितली आहेत. "विचारून सांगतो," म्हणाला. भाच्याला हे कळल्यापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. त्याच्या मते एवढ्या गाडीला सतरा इंची चाकं म्हणजे सुटाखाली स्लिपर.

शोरूमचा निरोप अजून यायचा आहे. काल आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, तिला आपल्या जुन्या गाडीतूनच नेलं. ती नेहमीसारखी सहज आत बसली, पर्स मांडीवर घेतली. नाक्यावर डावीकडे वळायचं होतं. महिनाभर शोरूमच्या गाड्या चालवून माझा डावा हात आता चांगला तयार झाला आहे. मी ऐटीत डावी दांडी खाली केली.

कोरड्या काचेवरून वायपर करकरत गेले.

आईने काही न बोलता आपल्या बाजूची काच वर करून घेतली.