पुओली कोल्मे

दाढ अजून ठणकतेय आणि वर दंडही भरून आलोय.

दातांच्या दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली होती, ‘पुओली कोल्मे’. पुओली म्हणजे अर्धा, कोल्मे म्हणजे तीन. साडेतीन! फिनलंडमधल्या एस्पोत दोन हिवाळे काढल्यावर एवढं फिनिश येणारच. सव्वातीनलाच जाऊन उभा राहिलो, तोऱ्यात. बाईने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वेळ अडीचची होती.

फिनिश माणूस अनोळख्याशी बोलत नाही म्हणतात. माझ्या वाट्याला नेमके बोलणारे आजोबा आले. दातांच्या दवाखान्यात मांडीवर दालचिनीच्या बनांची पिशवी घेऊन बसलेले! त्यांनी मला शेजारी बसवलं. डाव्या गुडघ्यावर एक बन ठेवला, ‘युक्सी’. उजव्यावर दुसरा, ‘काक्सी’. तिसरा मधोमध मोडून अर्धा पिशवीत टाकला आणि उरलेला माझ्या नाकासमोर धरला, ‘पुओली... कोल्मे!’ तिसऱ्यातला अर्धा. कळलं म्हणून मान हलवली, तर त्यांना वाटलं कळलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. समोरचं शेंबडं पोरगंही तोंडाने ‘युक्सी’ म्हणायला लागलं.

खरी चीड वेगळीच. आपलं अडीच हे मुळात संस्कृतातलं ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा. हेच ते बन! आमच्या आजीला दिडकी, अडीचकीचे पाढे तोंडपाठ होते. मला फक्त साडेसाती कळते. घात केला तो या ‘साडे’ने. आणि फिन लोकांनो, कागदावर सरळ १४.३० लिहिता ना? मग फोनवर जुनंपुराणं कशाला काढता?

नवीन वेळ देताना बाईने जन्मसाल विचारलं. १९८७. फिनिशमध्ये हा एकच शब्द आहे: तुहातयुह्देक्सॅन्साताकाह्देक्सान्क्युम्मेन्तॅसेइत्सेमॅन. दुखऱ्या दाढेने म्हणून बघा. ‘साता’पाशी अडलो, मागून आजोबांनी पुढचं सांगितलं. म्हणजे सांगू पाहिलं. माझं साल त्यांना कुठून ठाऊक? त्यांनी मला १९५२ मध्ये जन्माला घातलं. बाईने तेच टाइप केलं, मग माझ्या तोंडाकडे बघून खोडलं.

तारीख मिळाली मर्रासकूमधली. आपला नोव्हेंबर. मर्रास म्हणजे मरणाशी संबंधित काहीतरी, असं भाषेच्या वर्गात शिकवलेलं. तोवर दाढेने काय करायचं?

‘आणि वेळ?’

‘पुओली युक्सी.’

मी मागे वळून पाहिलं. आजोबांनी डाव्या गुडघ्यावरचा बन उचलून मोडायला घेतला होता.