व्हीलला 128 म्हणून क्रँकला 154? हे गणितच चुकलंय

गेले दोन आठवडे एका डायनो शीटचा (गाडी रोलरवर चालवून पॉवर मोजतात, त्याच्या कागदाचा) फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. पोलो जीटी 1.0 टीएसआय ऑटोमॅटिक, एअर फिल्टर आणि स्टेज 1 रीमॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), व्हीलला, म्हणजे चाकांवर, 128 एचपी आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) 290. सोबत मजकूर असा की फ्रंट व्हील ड्राइव्हला 20% लॉस असतो (इंजिनपासून चाकापर्यंत वाया जाणारी पॉवर), म्हणजे क्रँकला, खुद्द इंजिनपाशी, 154, कंपनी 110 सांगते, म्हणजे 44 वाढले, डायनो खोटं बोलत नाही. माझा मावसभाऊ हे वाचून पैसे भरायला निघालाय म्हणून लिहितोय. रीमॅपला माझा विरोध नाही, त्याने गाडी खरंच सुधारते, पण 44 चा आकडा या शीटवरून निघत नाही.

आधी ते 20%. लॉस क्रँकच्या पॉवरवर धरतात, मग 128 ला 0.8 ने भागायला हवं, उत्तर येतं 160. यांनी व्हीलच्या आकड्यात 20% मिळवले म्हणून 154 आलं, म्हणजे स्वतःचा नियमसुद्धा नीट लावलेला नाही. आणि असा ठरलेला टक्का मुळात नसतोच. गिअरबॉक्स, टायर, रोलरला गाडी किती घट्ट बांधलीये, टायरमध्ये हवा किती, सगळ्याने लॉस बदलतो, आणि त्यातला बराचसा भाग पॉवर वाढली म्हणून त्याच प्रमाणात वाढत नाही.

आता "कंपनी 110 सांगते". तो आकडा इंजिन एकटं टेस्ट बेंचवर लावून मोजतात, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत असे बेंच आहेत, आणि तो पीएसमध्ये (मेट्रिक हॉर्सपॉवर) असतो, एचपीमध्ये साधारण 108.5. रोलरवरचा आकडा आणि बेंचवरचा आकडा यांची वजाबाकी करायचीच नाही. माझी स्वतःची पोलो, तेच इंजिन, चाकणचीच, पूर्ण स्टॉक, मी मे महिन्यात भोसरीकडच्या एका डायनोवर नेली होती, करेक्शन (हवेचा दाब, तापमान धरून सॉफ्टवेअर आकड्यात करतं ती दुरुस्ती) लावून व्हीलला 104 आले. फॉरवर्डच्या हिशोबाने माझी हात न लावलेली गाडी 125 ची झाली. त्यांच्या 44 मधले 15-16 तर इथेच गेले.

आणि करेक्शन हा खरा मुद्दा आहे, तो कोणी बघतच नाही. फोटो झूम करा, खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात डीआयएन (करेक्शनचं जर्मन मानक) 1.09 लिहिलंय. म्हणजे रोलरने मोजले साधारण 117 आणि सॉफ्टवेअरने गुणून 128 केले. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर, इथे हवेचा दाब 945-950 मिलिबारच्या आसपास असतो, डीआयएनचा हिशोब 1013 मिलिबार आणि 20 डिग्रीला धरतात, म्हणून इथे 1.09 येणं साहजिक आहे. पण ते सूत्र बिनटर्बोच्या इंजिनासाठी बसवलेलं आहे, त्याला पातळ हवेत खरंच पॉवर कमी मिळते. या टीएसआयसारख्या टर्बोचं, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाचं, तसं नसतं, ईसीयू वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) जास्त बंद ठेवतो, टर्बो जास्त फिरतो आणि बूस्टची (दाबून भरलेल्या हवेची) तूट बऱ्यापैकी भरून काढतो, मग जी पॉवर गेलीच नाही तीसुद्धा सॉफ्टवेअर परत जोडून देतं. काही जण दाब हवामानाच्या अ‍ॅपवरून टाकतात, तो समुद्रसपाटीला आणलेला असतो, तसं केलं तर करेक्शन उलट फारच कमी येतं. म्हणून दोन शीट शेजारी ठेवायच्या असतील तर करेक्शन न लावलेला आकडा मागायचा आणि सोबत दाब, तापमान.

टॉर्क 290 बद्दल थोडक्यात. ग्राफमध्ये तो 1900 आरपीएमला एक टोकदार सुळका आहे आणि लगेच खाली येतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) लॉक व्हायच्या आधी टॉर्क गुणला जातो, तो इंजिनचा टॉर्क नाही.

"डायनो खोटं बोलत नाही" हे मान्य, पण तो फक्त रोलर किती जोरात फिरला तेवढंच सांगतो. माझ्याच गाडीचे त्या दिवशी लागोपाठ चार रन केले, पहिला 104, चौथा 97. या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा) इनटेक मॅनिफोल्डमध्येच, हवा आत नेणाऱ्या भागातच, असतो, पाण्याने थंड होणारा, आणि डायनोवर गाडीसमोर एकच पंखा, ते पाणी तापलं की आत गरम हवा जाते आणि ईसीयू इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतो, पॉवर कमी होते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुसरं काय होणार! एका दुपारी, काहीही न बदलता 7 एचपीचा फरक, मग फिल्टरने 5 वाढले असं कोणी एका रनवरून सांगितलं तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मावसभावाला मी एवढंच सांगितलंय की रीमॅपच्या आधी त्याच डायनोवर तीन रन कर, प्रत्येक रननंतर गाडी तेवढीच थंड होऊ दे, मग रीमॅप, मग त्याच दिवशी त्याच गिअरमध्ये, त्याच पेट्रोलवर परत तीन, आणि दोन्हीचे बूस्ट आणि इग्निशनचे लॉग घे. ट्यूनर आधीचे रन करायला नाही म्हणाला तर पैसे भरू नकोस. आणि ज्यांच्याकडे फॉरवर्डमधल्या गाडीचं रीमॅपच्या आधीचं शीट असेल त्यांनी ते टाका, मी स्वतः बसून दोन्ही ग्राफ करेक्शन काढून एकावर एक लावून देतो.