‘दुर्बिणीने गाठ काढली की पोटभर कॅन्सर’: या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात परभणीहून माझ्या मावसबहिणीचा रात्री साडेदहाला फोन आला. तिचे वय 34, गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ. लोहाची इंजेक्शने घेऊन हिमोग्लोबिन कसेबसे 10 वर आणलेले, दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. बचत गटाच्या ग्रुपवर आलेला एक संदेश वाचून तिने ती तारीख रद्द केली होती. संदेश म्हणतो की या ऑपरेशनात यंत्राने गाठीचा भुगा करतात, त्या भुग्यातून पोटभर कॅन्सर होतो, अमेरिकेने यावर बंदी घातली आहे, म्हणून पोट उघडून पिशवीच काढून टाकावी.

भुग्यातून कॅन्सर होत नाही. फायब्रॉइड ही स्नायूपेशींची साधी गाठ असते आणि कापल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. खरा धोका असा की, फायब्रॉइड समजून काढली जाणारी गाठ क्वचित सार्कोमा, म्हणजे कर्करोग, निघते. तो शस्त्रक्रियेआधी खात्रीने ओळखणारी तपासणी नाही, आणि अशी गाठ पोटात उघडी कापली गेली तर तिचे कण पसरून आजार बळावतो. एवढे तथ्य संदेशात आहे आणि ते मला मान्य करावेच लागते.

बंदीचे म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल 2014 मध्ये मॉर्सेलेटर हे गाठीचे तुकडे करणारे यंत्र वापरू नये असा सल्ला दिला. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे 350 स्त्रियांमागे एकीत लपलेला सार्कोमा असू शकतो, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. डिसेंबर 2020 मध्ये त्याच संस्थेने सांगितले की यंत्र निवडक रुग्णांतच आणि गाठ बंदिस्त ठेवणाऱ्या बॅगेतच वापरावे. ही अट आहे, बंदी नव्हे.

शिवाय दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे हे यंत्र वापरलेच जाते असे नव्हे. गाठ पोटातच बॅगेत घालून, बॅगेचे तोंड बेंबीच्या छेदातून बाहेर ओढून, आतल्या आत साध्या सुरीने तिच्या सालीसारख्या लांब पट्ट्या काढता येतात. योनीमार्गातून किंवा ओटीपोटावरील लहान छेदातून ती अखंडही काढता येते. बॅग फाटू शकते, त्यामुळे धोका शून्य होत नाही, पण कमी होतो.

मला खरा संताप आला तो ‘पिशवीच काढा’ या सल्ल्याचा. पोट उघडून करायचे ठरले तरी फक्त गाठ काढून गर्भाशय राखता येते, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नाही किंवा सांगायचे नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतल्या अनेकींनी कॅन्सरची भीती घातली गेल्याचे सांगितले होते. तीच भीती आता मोबाईलवरून घरात येते आहे, आणि माझ्या बहिणीला अजून दुसरे मूल हवे आहे.

फोनवरच मी तिला तीन प्रश्न सांगितले: गाठ कोणत्या वाटेने बाहेर काढणार, कापावी लागली तर बॅगेत कापणार का, आणि काढलेली गाठ तपासायला पाठवणार का. तिने ते सोनोग्राफीच्या पाकिटावर लिहून घेतले आणि सकाळी डॉक्टरांकडे नवी तारीख मागितली.