टाइलवर टाइल टाकणाऱ्यांनो, आधी खाली वाकून बघा!

"मॅडम, फोडाफोडीच नको. टाइलवर टाइल टाकू, होऊन जाईल."

फरशी बदलायची म्हणून कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात जो मिस्त्री येतो, तो दारातच उभा राहून हे वाक्य फेकतो. खाली न बघता! मोबाइलवर इटालियन मार्बलचे फोटो दाखवायला मात्र अंगठा थकत नाही.

अहो, खाली आधीच टाइलवर टाइल आहे. मूळची मोझॅक, त्यावर आधीच्या मालकांनी ठोकलेली सिरॅमिक. आता तिसरा थर? चिकटवायचा मसाला आणि टाइल मिळून दीडेक सेंटिमीटर फरशी वर येणार. मग ट्रॉलीचा खालचा खण उघडणार नाही, दार घासणार, उंबरा बुडणार आणि स्वयंपाकघर धुतलं की पाणी थेट हॉलमध्ये. ओटा आधीच बुटका, तो आणखी बुटका. कंबर माझी मोडणार, मिस्त्रीची नाही.

शेवटी नाणं घेऊन मीच एकेक टाइल वाजवत बसले. सिंकसमोरच्या चक्क पोकळ वाजतात. खालचा माल सुटलाय, हे शेंबडं पोरही सांगेल. सुटलेल्या टाइलवर कितीही महागडा मसाला लावा, तो धरणार त्या सुटलेल्या टाइललाच ना? एकाला वाजवून दाखवलं, तर म्हणे, "वरून वजन पडलं की बसेल." बसेल? फुटेल हो, फुटेल!

दुसरा त्याहून हुशार. "ॲसिड मारू, मग सिमेंटची स्लरी ओतू." वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचं तेल बसलंय त्या फरशीवर. ते ॲसिडने निघत नाही. त्याला धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि घासणारे हात लागतात. ॲसिड खाणार ते सांध्यातलं सिमेंट, आणि वाफेने माझं स्टीलचं सिंक. टाइलच्या चकचकीत थराला ते ढिम्म काही करत नाही. तो ग्राइंडरने खरवडावा लागतो, धूळ पुसावी लागते, तेव्हा कुठे मसाला पकड घेतो. आणि नवी व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, तिला नुसती स्लरी काय कपाळ धरणार? एवढं मी, कॉमर्सवाली बाई, वाचून शिकले. यांचं तर पोट त्यावर आहे.

भवानी पेठेतल्या एका दुकानदाराने व्हिनाइलच्या पट्ट्या दाखवल्या. "खाली काहीच करावं लागत नाही ताई, नुसतं क्लिक." जुने सांधे भरून खालची पातळी एकसारखी केली नाही, तर पट्ट्यांचे जोड पायाखाली हलून सुटतात, आणि पातळ शीट असेल तर खालच्या सगळ्या रेषा वर उमटतात. हे त्याने सांगितलं? नाही. त्याच्याच खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं.

खरी गोम दरात आहे. दर चौरस फुटाचा, आणि मोजायची ती नवी टाइल. वाजवणं, खरवडणं, धुणं, खड्डे भरणं, भरलेलं सुकू देणं, याला मिस्त्र्यांच्या कोटेशनमध्ये ओळच नसते. म्हणून ते काम अस्तित्वातच नाही! मी म्हटलं, वेगळे पैसे देते, लिहा. तर मिस्त्री हसून म्हणतो, "एवढं कोण करतं, मॅडम?"

बरं, सगळं फोडूनच काढू म्हटलं, तर सोसायटीची नोटीस हजर. दुपारी फरशी फोडायचं ब्रेकर मशीन बंद, राडारोडा लिफ्टमधून न्यायचा नाही, जिन्याखाली ठेवायचा नाही. मग काय, खिडकीतून उडवायचा? टेम्पोवाल्याला विचारलं, कुठे टाकणार, तर बिनदिक्कत म्हणाला, "नदीकडेला." महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प तिकडे वाघोलीला, आणि याला मुठेचा काठ जवळ पडतो. वर भाडं पूर्ण पाहिजे!

तर, कोथरूड-कर्वेनगर भागात गुडघ्यावर बसून आधी जुनी फरशी वाजवून बघणारा, लेव्हलपट्टी लावणारा आणि त्या कामाचे पैसे वेगळे लिहून मागणारा कोणी मिस्त्री असेल, तर नंबर मेसेज करा. तो मागेल तो दर देते. "होऊन जाईल"वाले पाठवू नका, ते माझ्याकडे भरपूर आहेत.