केबल तोडली, शनिवार काही सुटला नाही

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला उठून, पांघरुणातच मोबाईल धरून मी शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच बघितली. कोल्हापुरात दुपारचे चार वाजले होते. शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ खेळत होतं, गॅलरीतून शिट्ट्या येत होत्या, कॉमेंट्री मराठीत, मध्येच कुठल्याशा ज्वेलर्सची जाहिरात. यूट्यूबवर, फुकट, अर्ध्या पृथ्वीपलीकडून.

आदल्याच संध्याकाळी अमेरिकेतल्या माझ्या घरापासून पंचवीसेक मैलांवर, ॲन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीची बास्केटबॉलची मॅच होती. ती मला दिसली नाही. ज्या ॲपवर होती ते ॲप मी फुटबॉल (इथलं, हातात बॉल घेऊन पळायचं) संपलं म्हणून महिनाभरापूर्वीच बंद केलं होतं.

आमच्या हिचं म्हणणं, केबल तू तोडलीस, आता कुरकुर करू नकोस. बरोबर आहे तिचं. पण मला कुरकुर करायची नाहीये, जरा भांडायचंय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

भारतातल्या मित्रांसाठी आधी थोडं. आपल्याकडं कॉलेजचा खेळ म्हणजे झोनल स्पर्धा, बसभाड्यावरून वाद, आणि प्रेक्षक म्हणून खेळाडूंचेच चार दोस्त. इथं मिशिगनचं फुटबॉल स्टेडियम 1927 सालचं, 1,07,601 माणसं बसतील एवढं, आणि ते भरतं. का भरतं हे मला कळायला बरीच वर्षं लागली. आईला तीन शनिवार लागले. 2016 ला ती सहा महिने राहायला आली होती. तिसऱ्या शनिवारी हातातलं निवडण बाजूला ठेवून तिनं विचारलं, "ह्यात आपली पेठ कुटली रं?"

बस्स. पिवळी-निळी पेठ आपली. लाल पेठ खालच्या अंगाला, ओहायोत. हिरवी पेठ, मिशिगन स्टेट, तासाभरावर, म्हणजे घरातलीच भाऊबंदकी. नियम तिला शेवटपर्यंत कळले नाहीत आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. लाल पेठेच्या हातून बॉल सुटला की टाळी वाजवायची, एवढं तिला पुरलं. परत गेल्यावर फोनवर पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा, दुसरा "लालवाले हरले का?"

आता केबलकडं येतो. केबल होती तेव्हा सगळं दिसायचं, असं हल्ली बरेच जण उसासा टाकून म्हणतात. मला तेव्हा आमचं गॅरेज आठवतं. 1 सप्टेंबर 2007. मिशिगन देशात पाचव्या नंबरवर. समोर ॲपलाशियन स्टेट, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं, खालच्या गटात खेळणारं कॉलेज. मॅच होती बिग टेन नेटवर्कवर, म्हणजे मिशिगन ज्या कॉलेजांच्या साखळीत (कॉन्फरन्समध्ये) खेळतं तिच्या चॅनेलवर, आणि ते चॅनेल सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. आमच्या केबलवाल्याचं त्यांच्याशी पैशावरून जमलं नव्हतं. घरात केबल, बिल भरलेलं, दोनशे चॅनेल, आणि नेमकी तीच मॅच नाही. मी गॅरेजमध्ये गाडीत बसून रेडिओवर ऐकली. शेवटच्या सेकंदांत मिशिगनची फील्ड गोलची, म्हणजे खांबांमधून बॉल मारून तीन गुण घ्यायची, किक त्या डोंगरातल्या पोरांनी अडवली आणि 34-32 ने सामना मारला. खालच्या गटातल्या टीमनं क्रमवारीतल्या वरच्या टीमला हरवण्याची ती पहिलीच वेळ. मी दहा मिनिटं गाडीतून उतरलोच नाही. ही दार उघडून म्हणाली, "बॅटरी उतरेल."

तरी पुढं बारा वर्षं केबल ठेवली. सवय. 2019 मध्ये बिल महिना 170 डॉलरच्या वर गेलं. त्यात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' नावाची एक ओळ होती, म्हणजे जी चॅनेलं हवेतून फुकट येतात त्यांचेच पैसे. ती ओळ वाचून डोकं फिरलं. बॉक्स परत करायला गेलो तर काउंटरसमोर रांग, प्रत्येकाच्या छातीशी वायरी गुंडाळलेला डबा. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला पंचगंगेवर घरचे गणपती घेऊन लोक उभे असतात तसे. फक्त 'पुढच्या वर्षी लवकर या' कुणी म्हणत नव्हतं.

मला वाटलं, सुटलो. लूट थांबली. इथंच माझा हिशेब चुकला होता, आणि ही गोष्ट कबूल करायला मला काही वर्षं लागली. केबल म्हणजे गल्लीतल्या मंडळाची वर्गणी होती. समोरच्या घरातल्या आजीबाई दिवसभर स्वयंपाकाचे कार्यक्रम बघायच्या, फुटबॉल त्यांनी जन्मात लावलं नसेल. पण खेळाच्या चॅनेलांचे डॉलर त्यांच्याही बिलातून दर महिन्याला जात होते. वर्गणी अख्ख्या गल्लीची आणि मांडवात पुढच्या खुर्चीवर मी. शिव्याही मीच घालत होतो. मग आजीबाईंनी केबल सोडली, त्यांच्या मुलानं सोडली, मी सोडली, आणि मांडवाचा खर्च मांडवात बसणाऱ्यांवर आला. ईएसपीएन ह्या खेळाच्या चॅनेलानं ऑगस्ट 2025 मध्ये केबलशिवाय थेट मिळणारं सबस्क्रिप्शन काढलं ते महिना 29.99 डॉलरला. त्याच दिवशी फॉक्सनं आपलं काढलं, 19.99. यूट्यूब टीव्ही, म्हणजे इंटरनेटवरून केबलचीच चॅनेलं दाखवणारी सेवा, 2017 मध्ये 35 डॉलरला सुरू झालं होतं, जानेवारी 2025 पासून 82.99. म्हणजे केबल वायरीतून निघाली आणि वाय-फायमधून घरात परत आली.

भांडणंही तीच परत आली. दिवाळी संपून आठवडा-दीड आठवडा होतो न होतो तोच, 30 ऑक्टोबर 2025 ला, यूट्यूब टीव्हीवरनं ईएसपीएन आणि एबीसीसकट डिस्नेची सगळी चॅनेलं गेली. ती 14 नोव्हेंबरला आली. मधले दोन शनिवार, ऐन सीझनातले, गेले. 2023 मध्ये चार्टर केबलवर आणि 2024 मध्ये डायरेक्टीव्ही ह्या डिशवाल्यावर हेच झालं होतं. तीनदा वेगवेगळ्या कंपन्या, पण मुहूर्त तिन्ही वेळा फुटबॉलचाच. लग्नाच्या मांडवात रुसायचं ते वरमाईनं पंगत बसताना, तसं.

कुठली मॅच कुठं दिसणार हे शोधणं ही आता माझी शुक्रवार रात्रीची कामगिरी आहे. मर्म एवढंच, की सामना कुठं दिसेल ते यजमान ठरवतो. मिशिगन बिग टेनमध्ये, म्हणून घरच्या मॅच फॉक्स, सीबीएस, एनबीसी, नाहीतर बिग टेन नेटवर्क, नाहीतर फॉक्सचंच खेळाचं चॅनेल एफएस1, नाहीतर एनबीसीचं पीकॉक ॲप. पाहुणे म्हणून दुसरीकडं गेले की त्यांचा करार. सप्टेंबर 2025 मध्ये ओक्लाहोमाला गेले, ओक्लाहोमा एसईसी नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणून मॅच एबीसीवर. (हरलो. 24-13. जाऊ दे.) 2023 मध्ये मिशिगनची पहिलीच घरची मॅच, ईस्ट कॅरोलायनाबरोबरची, फक्त पीकॉकवर होती. टीव्हीच्या कुठल्याही चॅनेलवर नाही. त्याच सीझनात पुढं राष्ट्रीय अजिंक्यपद आलं, आणि त्याची सुरुवात बघायला वेगळं तिकीट.

ओक्लाहोमाचं नाव निघालंच आहे तर, हा सगळा बाजार उघडला तो त्यांनीच. पूर्वी कॉलेजांची संघटना, एनसीएए, टीव्हीवर किती मॅच दाखवायच्या हे मुठीत धरून होती. कारण, टीव्हीवर दिसलं तर लोक स्टेडियमवर येणार नाहीत. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या आणि 1984 मध्ये सुप्रीम कोर्टानं 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांतले एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे स्वतः कॉलेज फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू होते. त्या निकालानं मॅच भरपूर दिसायला लागल्या हे खरंच. पण प्रत्येक कॉन्फरन्स आपलं दुकान मांडून बसली. दुकान मोठं दिसावं म्हणून कॅलिफोर्नियाच्या यूसीएलएला 2024 पासून बिग टेनमध्ये घेतलं. स्टॅनफर्ड तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे. स्टॅनफर्डहून अटलांटिक बघायचा तर विमानात पाच-सहा तास बसावं लागतं.

माझं भांडण खाजगी क्लबांशी नाही. व्यावसायिक लीगनं काय हवं ते विकावं. पण मिशिगन ही सरकारी युनिव्हर्सिटी आहे. माझ्या करातून तिला पैसे जातात, लेकीची चार वर्षांची फी गेली, त्यावर स्वेटशर्ट किती घेतले ते मोजलेलं नाही. त्या युनिव्हर्सिटीची मॅच त्याच राज्यातल्या माणसाला निदान हवेतून फुकट दिसायला नको का? भारतात 2007 पासून कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं प्रक्षेपण हक्क कुणीही घेतले तरी प्रसार भारतीला द्यावं लागतं. त्याआधी 1995 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं क्रिकेटच्याच खटल्यात सांगितलं होतं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आपल्या व्यवस्थेला आपण उठता बसता नावं ठेवतो, मीही ठेवतो. पण इथं एवढ्या श्रीमंत देशात असा कायदा नाही, ह्याचं मला नवल वाटतं.

यावर इथले मित्र म्हणतात, अरे त्याच पैशातून पोहणं, कुस्ती, मुलींची हॉकी चालते. आणि 2025 च्या कोर्टाच्या तडजोडीनंतर कॉलेजं पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना देऊ शकतात, ते कुठून येणार? पोरांना पैसे मिळायला लागले ह्याचा मला आनंदच आहे, फार उशिरा मिळाले. पण फुकट दाखवलं की पैसा आटतो हे मला पटत नाही. एप्रिल 2024 मध्ये मुलींच्या बास्केटबॉलची फायनल, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, एबीसीवर होती, म्हणजे अँटेना असलेल्या कुणालाही फुकट. सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी बघितली. दुसऱ्या दिवशी मुलांची फायनल केबलच्या चॅनेलवर, प्रेक्षक दीड कोटींच्या आत. आयोवाच्या केटलिन क्लार्कची जादू होतीच, नाही कोण म्हणतंय. पण दारही उघडं होतं.

तर अँटेना. शेजारचे आजोबा मोटारीच्या कारखान्यातनं रिटायर झालेले. त्यांनी माझी कुठलं ॲप कितीला ह्या हिशेबाची वही बघितली आणि न बोलता गॅरेजमधून एक जुना अँटेना आणून हातात ठेवला. खिडकीला चिकटवायचा पातळ कागदासारखा मी आधी आणला होता, त्यावर एक चॅनेल आलं की दुसरं रुसायचं. हा पोटमाळ्यावर चढवला, तोंड साउथफील्डच्या बाजूला केलं, कारण डेट्रॉइटच्या चॅनेलांचे मनोरे तिकडं. स्कॅन लावलं. 2 वर फॉक्स, 4 वर एनबीसी, 7 वर एबीसी, 62 वर सीबीएस, शिवाय 9 वर नदीपलीकडच्या विंडसरहून कॅनडा. चित्र केबलपेक्षा स्वच्छ. गवताचं पातं न पातं.

आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. अँटेनावर मॅच आधी दिसते. स्ट्रीमिंग अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागं असतं. 30 नोव्हेंबर 2024, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, 10-10, शेवटचं मिनिट. मिशिगनचा किकर फील्ड गोलला उभा. आमचा मराठी ग्रुप व्हॉट्सॲपवर, सगळे आपापल्या ॲपवर. मी पोटमाळ्याच्या जोरावर. बॉल आत गेला आणि माझ्या बोटांनी माझं न ऐकता लिहिलं, "आत!!! नाद खुळा!" पलीकडं त्यांच्या पडद्यावर टीम अजून रांगेत उभी राहत होती. अर्धा मिनिट ग्रुपवर कोण काही बोललं नाही. मग 13-10 झालं आणि मला मिळालेल्या शिव्या इथं लिहिता येत नाहीत. एकानं ग्रुपमधून काढलं. सोमवारी परत घेतलं, ते अँटेना कुठला हे विचारायला.

आता मांडणी अशी आहे. अँटेना बारा महिने. पीकॉक सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि आता बास्केटबॉलसाठी मार्चपर्यंतही, शहाणपण आलंय. बिग टेन नेटवर्कच्या मॅच ज्याच्याकडं असेल त्याच्याकडं, जाताना पोहे घेऊन. उरलेल्या रेडिओवर. पण गॅरेजमध्ये नाही, स्वयंपाकघरात.

एक अडचण राहिलीये. घराच्या पूर्वेला मोठं मेपलचं झाड आहे, नेमकं मनोऱ्यांच्या आड. सप्टेंबरात ते पानांनी गच्च असतं तेव्हा 62 चे चौकोन-चौकोन होतात आणि आवाज तुटतो. नोव्हेंबरात पानं गळली की चित्र काचेसारखं. ही म्हणते, झाडाला हात लावायचा नाही. आजोबा म्हणतात, अँटेना पोटमाळ्यावरून काढून छपरावर ने. शिडी त्यांच्याकडं आहे. या शनिवारी बर्फ नसेल तर चढणार आहे. खाली उभं राहून "आलं का?" ला उत्तर द्यायला कुणी मोकळं असेल तर सांगा, पोहे आहेत.