घोरपड, दोर आणि सिंहगड : एक खुलासा

तानाजी मालुसऱ्यांनी 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री यशवंती नावाच्या घोरपडीच्या कमरेला दोर बांधून सिंहगडाचा कडा सर केला आणि याचा पुरावा शिवकालीन कागदपत्रांत आहे, असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. यातील लढाई आणि तानाजींचे वीरमरण निर्विवाद आहे. पुराव्याचा दावा मात्र खरा नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, असे म्हटले आहे. घोरपडीचा तेथे उल्लेख नाही. ती भेटते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, जो डफाच्या साथीने पिढ्यान्पिढ्या गायला गेला आणि 1891 मध्ये अॅकवर्थ व शाळिग्राम यांच्या संग्रहातून छापून आला. त्यात यशवंतीची पूजा होते, ती अर्ध्या कड्यावरून मागे फिरते आणि तानाजी तिला ठार मारण्याची धमकी देतात. शाहिराने येथे एका मुक्या जनावरालाही मोहिमेचा अपशकुन ओळखणारे पात्र केले आहे, आणि फडावरचा श्रोता नेमका याच ठिकाणी श्वास रोखतो.

म्हणून पोवाडा खोटा ठरवण्याचे कारण नाही. तो लोकस्मृतीचा अस्सल दस्तऐवज आहे, फक्त त्या रात्रीचा अहवाल नव्हे. जाता जाता, या कथेची ‘खात्री’ करण्यासाठी कोणी घोरपड पकडू नये : वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे.